युद्धाचे मथळे आणि ओटीवर लागलेले त्यांचे अर्थ

खाडीपलीकडे

पावसाआधी कौलं परतायची म्हणून गेल्या आठवड्यात गावच्या घराचा माळा रिकामा केला. देवगड तालुक्यात, वाघोटणच्या खाडीकाठी आमचं घर. माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक निघाली. आत जुन्या वह्या, समईचे सुटे भाग आणि तळाला अंथरलेले १९४२ ते १९४५ मधले पेपर. कसरीने बारीक मजकूर खाऊन टाकलाय, मोठ्या टायपातले मथळे तेवढे उरलेत. मी एकेक पान झटकून ओटीवर पसरत होतो आणि मोठ्याने वाचत होतो. 'सिंगापूरचा पाडाव' असं वाचलं आणि सुपारी कातरणारी आजी थांबली.

"ह्यो पडाव आमच्याकडे पण इल्लो," ती म्हणाली.

आजीचं माहेर खाडीच्या पलीकडच्या तीरावर. १९४२ साली ती दहा वर्षांची होती. तिचे वडील पेपर मोठ्याने वाचायचे. पेपर आगबोटीने यायचा, म्हणजे तीन-चार दिवसांचा शिळा. आजीच्या आईला वाचता येत नव्हतं, ती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची. ज्यांनी आगबोटीचा काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं पडावातून किनाऱ्याला यायचं. त्यामुळे 'पडाव' हा त्या माउलीच्या रोजच्या जगातला शब्द होता आणि 'पाडाव' हा पेपरातला. तिने जे ऐकलं ते असं: सिंगापूरचा पडाव आला. मग ती आत वळली आणि सुनेला म्हणाली, "मगे माणसा येतली. भाताक चार मुठी जास्त घाल."

सिंगापूर पडलं १५ फेब्रुवारी १९४२ ला. मार्चमध्ये रंगून गेलं, ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ एप्रिलला विशाखापट्टण-काकिनाड्यावर जपानी विमानांनी बाँब टाकले. मुंबईत घबराट पसरली आणि चाकरमान्यांनी बायकापोरं गावी पाठवायला सुरुवात केली. बोटी भरभरून आल्या. आजीच्या माहेरी दोन खोल्यांत एकोणीस माणसं झोपत होती म्हणे. म्हणजे सिंगापूरच्या पडावातून माणसं खरोखरच उतरली, आणि भात आधीपासूनच जास्त घातलेला होता. आजीच्या माहेरी अजूनही कुणी म्हणत नाही की आईने चुकीचं ऐकलं होतं.

विशाखापट्टणच्या बातमीची गंमत आणखी वेगळी. शेजारचे एक आजोबा नुकते जोडाक्षरं वाचायला शिकले होते. 'बाँब' त्यांनी 'बोंब' असं वाचलं आणि वैतागले, "शिमगो होवन म्हयनो झालो, आता कसली बोंब?" त्या वर्षी होळी मार्चच्या सुरुवातीला होती, त्यामुळे हिशेब अगदी बरोबर होता.

हे सगळं ऐकताना मला जाणवलं की मथळा छापलेला आहे, तो कुठल्या ना कुठल्या जुन्या ग्रंथालयात सापडेल. तो आमच्या ओटीवर पोचल्यावर त्याचं काय झालं, हे मात्र कुठेच छापलेलं नाही. ते आजीपाशी आहे आणि तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांपाशी आहे. म्हणून हा धागा. मथळा आठवेल तसा लिहा, शब्द मागेपुढे झाले तर चालतील. पण अर्थ कुणी लावला, कुठे बसून लावला आणि मग घरात काय झालं, ते मात्र नीट लिहा.

सड्यावरची

रत्नागिरीची आहे. रंगून पडल्याची बातमी आमच्याकडे जेवढ्या आपुलकीने वाचली गेली असेल तेवढी हिंदुस्थानात दुसरीकडे कुठे गेली नसेल. कारण ब्रह्मदेशचा राजा आमचा शेजारी होता. इंग्रजांनी १८८५ मध्ये थिबाचं राज्य घेतलं, त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची थोरली राजकन्या तर १९४२ मध्येही रत्नागिरीतच राहत होती. पुढे १९४७ मध्ये ती गेली, तीही इथेच.

माझ्या आईचे आजोबा कचेरीत कारकून होते. त्यांच्या आळीत ठरलेलं होतं: जपान्यांनी रंगून घेतलं, म्हणजे आता सिंहासनावर बसवायला त्यांना थिबाच्या घरचं माणूस लागणार. ते माणूस कुठे आहे? रत्नागिरीत. मग जपानी आरमार कुठे येणार? मांडवीला. आळीतल्या बायकांची चर्चा त्याच्याही पुढे गेली होती. राजकन्येला न्यायला येतील तेव्हा ओटी कशाने भरायची, ब्रह्मदेशात नारळ चालतो का, आणि निरोपाला जायचं तर सगळ्यांनी जायचं की एका घरातून एकीने. राजकन्या गरिबीत दिवस काढत होती हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिचं बरं व्हावं असं आळीला मनापासून वाटत होतं. तिला घरी पोचवण्यासाठी ते जपानी आरमारसुद्धा बोलवायला तयार होते.

आईच्या आजोबांनी मात्र त्याच मथळ्यातून एकच गोष्ट काढली: रंगूनचा तांदूळ आता येणार नाही. आमच्या जिल्ह्यात भात पिकायचं ते वर्षभर पुरायचं नाही, बाहेरच्या तांदळावर पोट होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी दोन पोती नाचणी घेऊन ठेवली.

चुलीपाशी

'जर्मनी शरण', मे १९४५. माझी पणजी, गुहागर. पणजोबांनी बातमी सांगितल्यावर तिने विचारलं, "मग आता जर्मलचा टोप स्वस्त होईल ना?"

नव्या पिढीसाठी: अॅल्युमिनियमच्या भांड्याला आमच्याकडे जर्मन किंवा जर्मलचं भांडं म्हणतात. लढाईत ते धातू विमानांकडे गेलं आणि टोप मिळेनासे झाले. तिचा जुना टोप तळाला गेला होता, त्याला दोनदा डाग लावून झाला होता. तिच्या दृष्टीने जर्मनीशी असलेला प्रश्न तेवढाच होता आणि तो रास्त होता.

हरेश्वरवाट

माझी गोष्ट त्याच्याही आधीच्या लढाईतली आहे. जून १९१७, श्रीवर्धनच्या बाजूला. पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया' ही मोठी टपालबोट मुंबईच्या जवळ येऊन बुडाली. 'वुल्फ' नावाच्या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर सुरुंग पेरून ठेवले होते, त्यातल्या एकावर ती आपटली.

'समुद्रात सुरुंग' ही बातमी गावात आली. सुरुंग म्हणजे काय हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक, कारण जांभ्याखाली कातळ लागला की विहीर खणताना सुरुंगच लावतात. पणजोबांचे भाऊ विहिरीची कामं घ्यायचे. त्यांना पहिला प्रश्न पडला तो असा: समुद्रात विहीर कोण खणतंय? दुसरा प्रश्न: वात पेटती कशी राहते? आमच्या घरात ही गोष्ट सांगताना दोन्ही प्रश्न सांगतात, कारण दुसरा प्रश्न खऱ्या जाणकाराचा आहे. पाण्यातला सुरुंग वातीवर चालत नाही, जहाजाचा धक्का लागला की फुटतो, हे त्यांना पुढे एका खलाशाने समजावलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग पेरणारा निघून गेला तरी तो तिथेच राहणार." त्या वर्षी नारळीपौर्णिमेनंतर होड्या सोडताना त्यांनी नारळाबरोबर दर्याला हेसुद्धा सांगितलं होतं म्हणे, की आत काही पेरलेलं असेल तर ते तूच बघ.

वाशिष्ठीकाठ

१९६२ चं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही चिपळूणचे. वडील तेव्हा नऊ वर्षांचे, त्यांच्या तोंडून ही गोष्ट शंभर वेळा ऐकली आहे आणि एकशे एकाव्यांदा ऐकायलाही तयार आहे.

चीनच्या लढाईत यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं, तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्रभर झालं. वर्गात गुरुजींनी ते फळ्यावर लिहिलं. आता चिपळूणच्या पोराला सह्याद्री म्हणजे काय? खिडकीतून दिसणारी भिंत. कुंभार्ली घाट चढलं की पाटण, पुढे कऱ्हाड, आणि यशवंतराव कऱ्हाडचे. म्हणजे डोंगर निघाला तो नेमका आमच्याच समोरचा.

वडील आणि त्यांचे दोन मित्र वाशिष्ठीच्या काठी बसले आणि डोंगर गेल्यावर काय काय होईल याचा त्यांनी हिशेब मांडला. पहिलं, घाटात बस लागून उलटी होणार नाही, कऱ्हाड सरळ सपाटीवर येईल. दुसरं, सूर्य लवकर उगवेल आणि शाळा लवकर भरेल, हे वाईट. तिसरं सुचलं तेव्हा तिघेही घाबरले. गुरुजींनी भूगोलात शिकवलं होतं की पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात म्हणून कोकणात पाऊस पडतो. भिंतच नसेल तर ढग थांबणार कशाला? सरळ माण-खटावला जाणार. चिपळूणला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, माण-खटावला ५०० च्या आसपास. हे सगळं उलटं होणार. माणदेशात भात लावतील आणि आपण मेंढरं घेऊन हिंडू. भाताचं बियाणं आता तिकडे विकावं लागेल. आंबा तर गेलाच.

एकाने उपाय काढला: सह्याद्रीने जावं, पण मेच्या अखेरीपर्यंत परत यावं.

आणि पुढचं ऐका. यशवंतरावांनी २१ नोव्हेंबरला शपथ घेतली आणि चीनने लढाई थांबवल्याची बातमी त्याच दिवसाची. पोरांना दुसऱ्या दिवशी हे कळलं. ती धावत नदीवर गेली आणि पूर्वेकडे पाहिलं, तर डोंगर जागेवर. त्यांची खात्री पटली: रात्रीत गेला, चिन्यांना दिसला, ते थांबले आणि उजाडायच्या आत हा परत आला. वडील सत्तरी ओलांडून गेलेत. अजूनही घाटाकडे तोंड करून खुर्ची टाकतात.

सड्यावरची

वाशिष्ठीकाठ, मेच्या अखेरीपर्यंत परत यावं! हे मी आमच्या सगळ्या घराला वाचून दाखवलं. त्याच वर्षी जवानांसाठी स्वेटर विणायची हाक आली होती, आमच्या आत्याने सुया घेतल्या होत्या. रत्नागिरीच्या घामात लोकर बोटांना चिकटायची. बाह्यांचं माप द्यायला घरातला एकही पुरुष स्वेटर अंगात घालून उभा राहीना, शेवटी ओटीवरच्या खांबाला घालून माप घेतलं. तो जवान खांबाएवढा असावा अशी आत्याची इच्छा होती.

माणगावाकडून

धागा आवडला, हसलोही. पण मनात आलं ते बोलतो. आमच्या भागातून मराठा आणि महार पलटणींत माणसं गेली. पळसगावचे यशवंत घाडगे इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ ला धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे. 'इटलीत दोस्तांची आगेकूच' असं तुमच्या ट्रंकेतल्या पानावर असेल, त्या आगेकुचीत बावीस वर्षांचा आमच्याकडचा पोरगा होता. मथळ्यांवर हसताना हे सुटू नये.

आमच्या घरचे एक आजोबा त्याच आघाडीवर होते. त्यांची आई टायबर कुठे आहे हे विचारत फिरायची. कुणीतरी सांगितलं नदी आहे. तिने विचारलं, "काळ नदीएवढी?" पुढे रोज काळ नदीचं पाणी पाहून यायची आणि चढलं असेल तर घरी येऊन म्हणायची, आज लढाई बंद असेल, पार उतरता येणार नाही. मुलगा परत आल्यावर तिने पहिलं विचारलं ते हेच, पाणी किती होतं. तो म्हणाला, गुडघाभर. तिला राग आला म्हणे, एवढ्या लहान नदीसाठी इतके दिवस का लावले.

खाडीपलीकडे

माणगावाकडून, तुम्ही हे लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. मला वाटतं काळ नदीचं पाणी बघणारी ती आई आणि भात जास्त घालणारी आमची पणजी एकच काम करत होत्या. पेपरात शहराचं नाव, नदीचं नाव, जहाजाचं नाव येतं. घरात वाट बघणाऱ्या बाईला त्यातून आपल्या माणसाला भूक लागेल का, तो भिजेल का, हे काढायचं असतं. ती काढते, तिच्याकडे असलेल्या सामानातून काढते. मला हसू येतं ते तिच्या या कसबाने येतं. धाग्यात पुढेही हे सांभाळूया.

पाखाडीवरून

मथळाच आला नाही, तेव्हाचं सांगते. १४ एप्रिल १९४४, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट. दारूगोळा सुमारे १४०० टन, वर कापसाच्या गठड्या, आणि सोन्याच्या विटा. दुपारी चारनंतर दोन धडाके झाले, सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले त्यात होते. आणि युद्धाच्या सेन्सॉरमुळे वार्ताहरांना सविस्तर बातमी पाठवायची परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी जपान्यांच्या हातातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं.

आमच्या वाडीत, हर्णैजवळ, रेडिओ नव्हता आणि पेपरात काही नव्हतं. बातमी आली ती बोटीने आलेल्या माणसांच्या अंगावरून. माझे आजेसासरे गोदीत हमाल होते. ते आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला जळक्या कापसाचा वास होता, आणि ते दोन दिवस फक्त झोपले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आकाशातून सोनं पडलं. लोकांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. पण ते खरं होतं, गोदीपासून लांब एका घराच्या व्हरांड्यात सोन्याची वीट येऊन पडली होती.

मग वाडीने हिशेब केला. वीट गोदीतून तिथवर उडू शकते, तर जरा हलकी वीट हर्णैपर्यंत का नाही? जमिनीवर पडली असती तर दिसली असती. दिसली नाही, म्हणजे माडाच्या शेंड्यात अडकली. त्या महिन्यात पाडेल्याला मान मिळाला तेवढा आधी कधी मिळाला नव्हता. नारळ उतरवायची वेळ नसताना माणसं त्याला बोलवायची, आणि तो खाली आला की नारळ सोडून त्याच्या तोंडाकडे बघायची. तो भला माणूस होता. प्रत्येक माडावर नीट शोधायचा, झावळ साफ करून द्यायचा आणि खाली येऊन म्हणायचा, या माडावर नाही. त्या वर्षी माडांचं उत्पन्न चांगलं आलं, शेंडे साफ झाल्यामुळे. मुंबईच्या गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं सोन्याच्या विटा सापडत राहिल्या.

आजेसासऱ्यांनी गोदीचं काम परत केलं नाही. सोन्याची गोष्ट मात्र ते स्वतःच पोरांना सांगायचे. बाकीचं नाही सांगायचे.

तेरेखोलचा वारा

आरोंद्याकडचा आहे. डिसेंबर १९६१. खाडीच्या तोंडावर तेरेखोलच्या किल्ल्यावर पोर्तुगीज झेंडा बघतच आमचे आजोबा वाढले. १८ तारखेला भारतीय नौदलाच्या 'बेटवा' आणि 'बियास'ने मुरगावच्या बंदरात पोर्तुगीज युद्धनौकेला गाठलं, ती निकामी होऊन किनाऱ्याला लागली. तिचं नाव 'अफोन्सो द अल्बुकर्क'. पेपरात बातमी: अल्बुकर्क निकामी.

गावात एक निवृत्त मास्तर होते, इतिहासाचे. त्यांनी पेपर हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अल्बुकर्कान गोवा घेतल्यान १५१० सालात आणि मेलो १५१५ सालात. मगे आता निकामी झालो तो कोण?" देवळासमोर बसलेल्या कुणालाच उत्तर देता येईना. शेवटी गुरवाने तोड काढली: चारशे वर्षं त्याचा आत्मा बंदरात अडकून होता, तो आता सुटला. मास्तरांना हे शास्त्रात बसणारं वाटलं नाही, पण तारखा जुळत होत्या. अल्बुकर्क गोव्याच्या समोर समुद्रात, जहाजावरच मेला होता, आणि तोही डिसेंबरातच. मास्तर घरी गेले, पुस्तक काढून महिना बघून आले आणि गुरवाशेजारी गप्प बसले.

मला ही गोष्ट फार प्रिय आहे, कारण दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. चार दिवसांनी आजोबा होडीने तेरेखोलला गेले. हद्द ओलांडताना कुणी कागद मागितला नाही. त्यांना करमेना, म्हणून त्यांनी आपला कागद स्वतःहून काढून एका शिपायाला दाखवला.

हरेश्वरवाट

शब्दांवरून आठवलं. 'बंदराची नाकेबंदी' ऐकून माझी धाकटी बहीण नाकाला फडकं बांधून बसली होती. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घालवायचा सरकारी उपाय, असं तिला वाटलं. आणि 'पाणबुडी दिसल्यास कळवा' म्हटल्यावर पोरांनी तलाठ्याला जाऊन खरंच कळवलं, तळ्यात दोन आहेत, एक अंड्यावर बसली आहे. तलाठ्याने पोरांच्या पाठीवर हात फिरवला.

दिव्याखाली

१९७१ चा ब्लॅकआउट. गावात वीज आलीच नव्हती, त्यामुळे काळोख करायचा तो कशाचा, हा प्रश्न पोलीसपाटलांपुढे होता. उरला देवळातला नंदादीप. तो विझवायचा नाही आणि दिसूही द्यायचा नाही. आधी त्यावर रोवळी घातली, तर भोकांतून भिंतीवर चांदण्या पडल्या आणि देऊळ आणखीच उजळलं. मग करवंटी लावली. दोन आठवडे देवाने करवंटीच्या उजेडात काढले.

पडावावरचा

कराचीचं मला लिहायचं होतंच. डिसेंबर १९७१. ४ तारखेच्या रात्री आपल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर हल्ला केला, ८ तारखेच्या रात्री 'विनाश' गेली. किमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. पेपरभर कराचीची आग. मालवणात फटाके वाजले.

माझे आजोबा तांडेल होते. फाळणीआधी त्यांचं गलबत कौलं आणि लाकूड घेऊन कराचीला जायचं. कोकणातली किती माणसं तेव्हा कराचीत नोकरी-धंद्याला होती हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा त्या शहरात अजून आहे. आजोबांना पेपर वाचून दाखवला. ते उठून बाहेर गेले, पश्चिमेकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मनोऱ्याचो दिवो इजवलो असतलो. मगे आमची गलबता भितर कशी शिरतली?"

मनोरा म्हणजे कराची बंदराच्या तोंडावरचं दीपगृह. गलबतं जायची बंद होऊन चोवीस वर्षं झाली होती. लढाई जिंकल्याचा त्यांना आनंद होता, त्यांनी पेढे आणायला पैसे दिले. पण रात्री आजीने पाहिलं, ते बोटाने अंथरुणावर वाट काढत होते: दिवा डावीकडे ठेवायचा, इतके वाव पाणी, मग वळायचं. काळोखातून गलबत आत घेत होते.

दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला 'खुकरी' बुडाली, कप्तान मुल्ला आणि पावणेदोनशेच्या वर नौसैनिक गेले. ती बातमी आली तेव्हा आजोबांनी त्या वाटेबद्दल बोलणं बंद केलं.

सावित्रीकाठ

आमच्याकडे लढाई बाणकोटच्या खाडीतून यायची ती दिनारातून. ऑगस्ट १९९०, इराकने कुवेत घेतलं. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, घरटी एक माणूस आखातात. मथळा वाचल्यावर गावातला गवंडी पहिल्यांदा सायकलवरून निघाला आणि अर्ध्या बांधलेल्या घरांच्या सळया मोजून आला. सद्दामने कुवेती दिनार मोडीत काढला आणि आमच्या मोहल्ल्यात सात स्लॅब थांबले. नानी म्हणायची, सद्दामचं आमच्या घरावर काय वैर होतं, त्याने बरोबर जिन्यापर्यंत येऊ दिलं आणि मग लढाई काढली.

एअर इंडियाने अम्मानहून जवळपास एक लाख सत्तर हजार माणसं परत आणली, त्यात माझे चाचा होते. हातात एक पिशवी. नानीने विचारलं, काय आणलंस? चाचा म्हणाले, मी आलो. जिना पुढे १९९४ मध्ये झाला. तोपर्यंत वर जायला शिडी होती आणि आम्ही पोरं तिला कुवेत म्हणायचो.

खाडीपलीकडे

पडावावरचा, तुमची पोस्ट आजीला वाचून दाखवली. तिने मनोऱ्याच्या दिव्याचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग तिला मे २०२५ ची रात्र आठवली. हापूस उतरवायचे दिवस, आढीत आंबा, घरात पंधरा माणसं, टीव्ही चालू. काही वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं मोठ्या अक्षरांत येत होतं. पोरं नाचायला लागली. पुतण्याने हिशेबही केला, आता समुद्र मोकळा, बोटी कुठेही जातील. आजी आंब्यांवर गवत पसरत होती. तिने एवढंच विचारलं, "कोणी बघल्यान?" कुणालाच सांगता येईना. "मगे उद्याचो पेपर येवंदे."

दुसऱ्या दिवशी पेपर आला. त्यात तसं काही नव्हतं. कराची बंदरावर हल्ला झालाच नव्हता. १० तारखेला शस्त्रसंधी झाली आणि सोमवारी आंब्याची गाडी वाशीला गेली. जिने सिंगापूरच्या पडावासाठी भात जास्त घातला, तिचीच ही मुलगी. मी विचारलं, तुझ्या आईने तरी कुठे पेपरची वाट पाहिली होती? ती म्हणाली, "आयेन भात घातलो. नाचलां नाय."

एक विचारायचं आहे. ही पानं आता ट्रंकेच्या तळाला परत घालायची नाहीत. कसर लागू नये म्हणून काय करायचं? आजीला पाडावाचं पान उशाशी हवं आहे.

चुलीपाशी

वेखंडाची पूड करा, पातळ कपड्याच्या पुरचुंडीत बांधा आणि पानांच्या मध्ये ठेवा. पावसाळ्याआधी एकदा सावलीतल्या वाऱ्यावर पसरा, उन्हात नको, कागद तडकतो. पानांची घडी मोडून सरळ ठेवा. आणि आजींच्या उशाशी ठेवायच्या आधी त्या पानाचा एक फोटो काढून इथे टाका, मला 'पाडाव'मधला काना बघायचा आहे.